वाड्याचं दप्तर आणि एक बिनतारखेची चिठ्ठी

आमचा ग्रुप छोटा आहे, नाशकातलेच आठ-दहा जण, दोघं मोडी वाचणारे, एक काका बँकेतून रिटायर झालेले, दोन कॉलेजची मुलं, मी, आणि बाकीचे येऊन-जाऊन. जुन्या नाशकातले वाडे पडायच्या आधी त्यांचे फोटो काढणं, कागद वाचवणं आणि ते परत गल्लीतल्याच लोकांना दाखवणं, एवढंच काम. इथे एकाच वाड्याचं प्रकरण पूर्ण लिहितोय, कारण त्यात आमच्याकडून एक चूक झाली आणि ती निस्तरायला सात महिने लागले, आणि असं काम करणारे इतर गावांतले लोक विचारतात की नक्की काय झालं होतं, तर एकदा सविस्तर लिहून टाकू म्हटलं. गल्लीचं आणि घराण्याचं नाव देत नाही, घरच्यांना तसा शब्द दिलाय.

वाडा भांडीबाजाराच्या मागच्या अंगाला, नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीत. घराणं तांब्यापितळेच्या भांड्यांच्या व्यापारातलं, जोडीला थोडी सावकारी. ज्यांना नाशिक फक्त रामकुंड आणि द्राक्षं एवढंच माहितीये त्यांच्यासाठी सांगतो, तांब्यापितळेची भांडी ही या गावाची जुनी ओळख, तांबट आळीत ठोक्यांचा आवाज अजून ऐकू येतो. पावसाळ्याच्या तोंडावर वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस लागली, मागची भिंत आधीच फुगलेली, तिघा भावांचं बिल्डरशी बोलणं होत आलेलं, आणि सागवानी खांब-तुळया घेणाऱ्याने बयाणा पण दिलेला. धाकट्या भावाच्या मुलीने आमच्यातल्या एकीला फोन केला की माडीवर आणि खालच्या कोठीच्या खोलीत कापडात बांधलेली गाठोडी आहेत, रद्दीवाला उद्या येतोय, तुम्ही आज येता का.

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. हातात आठ दिवस होते.

आधी भावांशी बोलणं. मधल्या काकांना भीती की कागद घराबाहेर गेले तर उद्या कोणीतरी उठून जागेवर हक्क सांगेल, आणि ही भीती खोटी म्हणता येत नाही, वाड्यात जुने भाडेकरू आहेत, कोर्टकज्जे झालेत. म्हणून साध्या कागदावर लिहून दिलं की मालकी घराचीच, आम्ही फक्त साफसफाई, स्कॅन आणि वाचन करणार, सध्याच्या जागेच्या व्यवहाराशी संबंध असलेला एकही कागद आम्ही नेणार नाही, आणि घरच्यांना दाखवल्याशिवाय काहीही बाहेर टाकणार नाही. तिघांच्या सह्या, आमच्या दोघांच्या सह्या. हे लिहायला अर्धा तास लागला आणि पुढे सगळं प्रकरण या अर्ध्या तासावरच तरलं. आणखी एक गोष्ट घरच्यांना तेव्हाच सांगितली, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोलाची पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं पण येतात, तेव्हा कोणी अँटिकवाला दारात येऊन पैसे दाखवायला लागला तर आधी चौकशी करा.

आता चूक.

गाठोडी म्हणजे दप्तराचे रुमाल, लाल आणि पांढऱ्या मांजरपाटाच्या फडक्यात बांधलेले. खाली कोठीच्या खोलीत एक लाकडी पेटी आणि तिच्याभोवती अकरा रुमाल, वर माडीवरच्या भिंतीतल्या फडताळात सोळा. अंधार, धूळ, तुळईतून पडणारा भुसा, वर पावसाचे ढग. आम्ही काय केलं, सगळं उचलून समोरच्या घराच्या ओट्यावर आणलं आणि तिथेच सोडायला बसलो. सोडता सोडता प्रकार पाडले: हिशेबाच्या वह्या एकीकडे, स्टँपाचे कागद एकीकडे, पत्रं एकीकडे, आणि जे काही वेगळं, मजेशीर दिसेल ते एका निळ्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये. हेतू चांगला होता, मुलं उत्साहात होती, आणि मी स्वतः म्हणालो की विषयवार लावलं की वाचायला सोपं जाईल. दोन दिवसांत सत्तावीस रुमालांचे पाच ढीग झाले. कुठला कागद कुठल्या रुमालातून आला, तो रुमाल खालचा की वरचा, फडताळाच्या कुठल्या खणातला, यातलं काहीच लिहिलं नाही.

कागद बचावले, पण ते ज्या क्रमाने त्या घरात राहिले होते तो क्रम आम्ही ओट्यावर बसून मोडला. तेव्हा कोणालाच काही चुकतंय असं वाटलं नाही. बोरूने लिहिलेली जुनी मोडी समोर आली की माणूस अक्षराकडे बघतो, कागद कुठून आला तिकडे बघत नाही.

पुढचे दिवस कागदांच्या तब्येतीत गेले. कसर तर होतीच, ती कागदाचा वरचा थर कुरतडते, पण वह्यांत भुंग्याच्या जातीच्या किडीची अळी होती, जी भोक पाडत आरपार जाते. किडीसाठी औषध फवारायचं नाही हे आधीच ठरलेलं. गोठवणं हा सगळ्यात बिनविषारी उपाय, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे वीस अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवायचे. आमच्यातल्या एकाच्या मामांचं दिंडोरीकडे द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज, तर पहिली धाव तिकडे, पण द्राक्ष ठेवतात शून्य-एक अंशाला, त्यात अळी मरत नाही, नुसती गारठून बसते. शेवटी आईस्क्रीमच्या दुकानदाराने पावसाळ्यात रिकामा पडलेला डीप फ्रीझर दिला. बाहेर काढल्यावर निदान चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ गार कागदावर धरते आणि मोडीची शाई काजळ आणि डिंकाची, तिला पाणी लागलं की अक्षर पसरलं. ही शाई दोनशे वर्षं उन्हात फिकी पडत नाही पण पाण्यापुढे टिकत नाही.

एका गोष्टीवर घरात वाद झाला तो सांगायला हवा. मोठ्या काकांचं म्हणणं, चांगले चांगले कागद लॅमिनेट करून घेऊ, दुकान ओळखीचं आहे. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लॅस्टिकमध्ये कागद कायमचा चिणणं, ते पुन्हा काढता येत नाही. त्याच पेटीत एक सनदेची नक्कल होती जिच्या घडीवर कधीकाळी कोणीतरी सेलोटेप लावलेली, टेप सुकून गळून गेली होती आणि तिच्या जागी चिकट तपकिरी पट्टा राहिलेला, बरोब्बर मधल्या दोन ओळींवर. ती नक्कल काकांच्या हातात दिली, त्यानंतर लॅमिनेशनचा विषय निघाला नाही. फाटलेल्या घड्या आम्ही पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने जोडतो, ती खळ पुढे कधीही ओल्या कापसाने सोडवता येते. अर्थात शाईपासून लांब, कोरड्या हाताने, आणि ज्याला शिकवलंय त्यानेच.

स्कॅन ४०० डीपीआयला, मूळ फाईल टिफ, दाखवायला जेपीजी. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक प्रत शहराबाहेर. नदीकाठच्या गावात शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मग वाचन सुरू झालं, दर रविवारी सकाळी. पेशवाईतले कागद ओळखू येत होते कारण त्यावर सुहूर सन (तेव्हाच्या दरबारी कागदांतली कालगणना) असतो, आकडा अरबी शब्दांत, म्हणजे सलास सबैन मया व अलफ असं लिहिलं असलं की तीन, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७३, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन १७७२-७३. अशा तारखांचे कागद बरेच निघाले, गहाणखतं, वसुलाच्या याद्या, दोन हुंड्या. रुपया नुसता रुपया लिहीत नाहीत, कुठला ते सांगतात, कारण नाण्यानाण्याचा बट्टा, म्हणजे बदलून घेताना होणारी घट, वेगळा. चांदवडी रुपया तर आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवडच्या टांकसाळीतला.

आणि निळ्या फोल्डरमध्ये ती चिठ्ठी होती.

वीतभर लांबीचा जाड हातकागद, एका बाजूला आठ ओळी, तारीख नाही. वर "रहा" आणि पुढचं अक्षर किडीने अर्धं खाल्लेलं, खाली खर्चाच्या बाबी: फुले रंगास, लाकडे पाणी तापविणेस, फळ्या दोन नव्या, माती उपसणे मजूर. मग पाच घरांची वर्गणी, घरं नावाने नाहीत तर धंद्यावरून, त्यात हेही घर. अर्धं अक्षर ट असेल तर रहाट म्हणजे विहिरीचा, ड असेल तर रहाड. पण विहिरीच्या रहाटाला रंगाची फुलं कशाला लागतील? आमच्या दोघा मोडीवाल्यांनी एकमेकांना न दाखवता वेगवेगळं वाचन केलं, दोघांनी रहाडच वाचलं.

नाशिकबाहेरच्यांसाठी थांबून सांगतो. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, आणि रंगपंचमीला जुन्या गावात रहाडी उघडतात. रहाड म्हणजे रस्त्याखाली बांधून काढलेला खोल हौद. वर्षभर फळ्या टाकून, माती लोटून बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात, नवख्याला कळणार पण नाही. रंगपंचमीच्या आधी माती काढतात, फळ्या उचलतात, हौद धुऊन फुलांच्या नैसर्गिक रंगाचं पाणी भरतात, पूजा करतात आणि मग लोक धप्पा मारतात, म्हणजे उडी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मान ठरलेला. तिवंधा, जुनी तांबट लेन, पंचवटीत शनि चौक, या रहाडी सगळ्यांना माहितीयेत. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी पहिला धप्पा बघितला तो वास अजून नाकात आहे, गरम रंगाचा आणि ओल्या मातीचा.

सगळं गाव म्हणतं रहाडी पेशवेकालीन. त्यामुळे आमची काय अवस्था झाली असेल समजून घ्या. जाड हातकागद, मोडी अक्षर, पेशवाईचे कागद असलेल्या घरातून आलेली. त्याच रात्री आमच्या ग्रुपच्या नावाने चिठ्ठीचा फोटो आणि "रहाडीचा पेशवेकालीन लेखी पुरावा नाशकात सापडला" असा मजकूर बाहेर गेला, आणि दोन दिवसांत तो कुठे कुठे फिरला त्याला हिशेब नाही. घरच्यांना दाखवून टाकला होता, तेवढी अट पाळली होती. पण मजकूर कोणी तपासला नव्हता, मी पण नाही.

शंका काढली ती रिटायर बँकवाल्या काकांनी, ते मोडी वाचत नाहीत, आकडे वाचतात. म्हणाले वर्गणी रुपये, आणे आणि पै मध्ये लिहिलीय, आणि रुपया कुठला ते कुठेच नाही, चांदवडी नाही, काही नाही, मग या घराचे बाकीचे जुने कागद प्रत्येक वेळी नाण्याचं नाव का सांगतात? प्रश्न अगदी बिनतोड होता. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकाच वजनाचा रुपया आणला, सोळा आण्यांचा, आण्याला बारा पै, त्यानंतर हळूहळू रुपया नुसता रुपया झाला. म्हणजे चिठ्ठी पेशवाईतली असायची शक्यता तिथेच डळमळली. मग आम्ही उरलेल्या दोन आधारांकडे नीट पाहिलं आणि दोन्ही पोकळ निघाले. हातकागद? व्यापाऱ्यांच्या वह्या इंग्रजी अमदानीतसुद्धा कितीतरी काळ हातकागदावरच होत्या, गिरणीचा कागद आला म्हणून दुकानातली पद्धत लगेच बदलत नाही. मोडी? मोडीत हिशेब लिहिणारी माणसं आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत होती. घर जुनं म्हणून चिठ्ठी जुनी, एवढंच काय ते उरलं.

चिठ्ठीची तारीख सांगू शकेल अशी एकच गोष्ट होती, ती कुठल्या रुमालात, कुठल्या दोन कागदांच्या मध्ये होती ते. आणि ते आम्ही मोडलं होतं.

त्या रविवारी कोणी फारसं बोललं नाही. ज्या मुलाने फोल्डर भरलं होतं त्याला आठवेना, तो रडकुंडीला आला, त्याला सांगितलं की विषयवार लावायला मी सांगितलं होतं, तू नाही. मग ठरवलं की क्रम परत उभा करता येतो का बघू, सगळा नाही तर जेवढा जमेल तेवढा.

पहिला धागा आजींनी दिला. घरातल्या आजी, तिघा भावांच्या आई, नव्वदीच्या घरात, आता धाकट्याकडे इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतात. आम्ही त्यांच्याकडे पुराचं विचारायला गेलो होतो, कारण बऱ्याच कागदांवर खालच्या बाजूने पाण्याचा डाग होता, तपकिरी कडा असलेला, सगळ्यांवर साधारण एकाच उंचीला. आजी म्हणाल्या, "अरे एकोणसत्तर सालचा पूर तो. दुतोंड्या मारुती (गोदावरीच्या पात्रातली मूर्ती, पुराचं पाणी तिच्यावरून मोजतात) कधीच बुडालेला, गल्लीत पाणी शिरलं तसे आम्ही पोरांना घेऊन माडीवर. कोठीची खोली सगळी पाण्यात. पाणी उतरल्यावर मामंजींनी एकेक कागद सोडवला आणि माडीवर धोतरं वाळवायच्या दोरीवर टाकला, चार दिवस घरात कागदच कागद, पोरांना ओरडायचे कोणी हात लावू नका म्हणून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "वरच्या फडताळाला काही झालं नाही. ते कोरडं राहिलं."

या एका वाक्यावर आमचं अर्धं काम झालं. डाग असलेला कागद १९६९ मध्ये खाली कोठीत होता, डाग नसलेला वर फडताळात. सगळे ढीग पुन्हा काढले आणि डागावरून दोन भाग केले. सुहूर सनाचे, पेशवाईतले जवळजवळ सगळे कागद डागाळलेले निघाले, ती खालची पेटी आणि अकरा रुमाल. कोरडे कागद बहुतेक शके १७९० च्या पुढचे, व्यापाराच्या कीर्दी-खतावण्या (रोजच्या आणि खातेवार हिशेबाच्या वह्या), म्हणजे इंग्रजी अमदानी. चिठ्ठीवर डाग नाही, ती वरची.

आजींच्या बोलण्यातून दुसरंही एक कळलं ज्याने जरा धीर आला, खालच्या कागदांचा क्रम १९६९ मध्ये दोरीवरच एकदा मोडला होता. म्हणजे तो आम्ही मोडलेला मूळचा क्रम नव्हताच. पण वरचा होता, आणि चिठ्ठी वरचीच.

दुसरा धागा फोटोचा. कॉलेजच्या मुलीने पहिल्या संध्याकाळी माडीवर सेल्फी काढला होता, तिच्या खांद्यामागे फडताळ उघडं दिसतं. मोठा करून पाहिला तर चार खण, प्रत्येकात रुमाल, लाल आणि पांढरे ओळखू येतात, एकाला हिरवी नाडी. रुमालांची फडकी आम्ही धुवायला टाकली नव्हती हे नशीब, ती सगळी एका गोणीत होती. हिरवी नाडी सापडली, एका लाल फडक्याच्या आत शाईने शक लिहिलेला सापडला. सोळापैकी सहा रुमालांची जागा अशी ठरली. बाकी दहांची नाही ठरली, अजून नाही.

तिसरा धागा किडीचा, आणि हे काम मला सगळ्यात आवडलं. अळी भोक पाडत जाते ती गठ्ठ्यातून आरपार, त्यामुळे एकमेकांना लागून असलेल्या कागदांवर भोकं जवळजवळ त्याच जागी पडतात आणि प्रत्येक पानागणिक थोडी थोडी सरकत जातात, बोगदा तिरका असतो ना. चिठ्ठीवर सात भोकं होती, त्यातलंच एक त्या अर्ध्या अक्षरावर. ट्रेसिंग पेपरवर ती सात भोकं पेन्सिलने उतरवली आणि कोरड्या वह्यांच्या एकेका पानावर तो ट्रेसिंग पेपर ठेवत गेलो. चार रविवार लागले. पानाला हात लावायच्या आधी हात धुऊन कोरडे, पान उलटायला बांबूची पट्टी, कोणी घाई करायची नाही. चौथ्या रविवारी दुपारी एकच्या सुमारास शके १८०६ च्या कीर्दीत दोन पानांवर सातपैकी सहा भोकं बसली, आणि सातवं पानाच्या फाटलेल्या कडेत गेलेलं.

शके १८०६, तारणनाम संवत्सर. त्या दोन पानांवर फाल्गुनातले दिवस होते. रंगपंचमी म्हणजे फाल्गुन वद्य पंचमी, शकाच्या अगदी शेवटी, म्हणजे इसवी सनाचा मार्च १८८५. आणि कीर्दीत वद्य षष्ठीला खर्चाच्या बाजूला एक ओळ, "गल्लीत वर्गणी", रक्कम तीच जी चिठ्ठीत या घरापुढे आहे, रुपया एक आणे चार. ज्यांनी ओळ वाचली त्या ताईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पाणी मागितलं.

आता लगेच छाती ठोकून १८८५ म्हणायचं का, यावरही मतं दोन होती. आमचे ज्येष्ठ मोडीवाचक अजून पूर्ण पटवून घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, सुटा कागद आहे, जुना कागद कोणीतरी नंतर वहीत खूण म्हणून घातला असेल, आणि सव्वा रुपयाची वर्गणी वर्षानुवर्षं तीच राहू शकते, सव्वा हा शुभ आकडा. बरोबर आहे त्यांचं. त्यावर माझं म्हणणं एवढंच की पै-आण्याचा हिशेब, नाण्याचं नाव नसणं, कोरडा कागद, भोकं, तिथी आणि रक्कम, हे सगळं एकाच बाजूला झुकतंय. म्हणून नोंदीत लिहिलं "बहुधा मार्च १८८५", आणि त्या "बहुधा"च्या खाली ही सगळी कारणं, आणि त्यांची शंकाही.

मग दुरुस्ती. पहिला मजकूर गुपचूप काढून टाकावा असं दोघांचं म्हणणं होतं, मला ते पटलं नाही, तो आधीच शेकडो लोकांकडे गेलेला. जिथे जिथे टाकला होता तिथेच खाली लिहिलं की आम्ही पेशवेकालीन म्हटलं ते चुकीचं होतं, कारण हे, आता आम्हाला असं वाटतंय. काही लोक चिडले, रहाडीचा मान कमी केला म्हणून. त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, चिठ्ठी १८८५ ची ठरली म्हणून रहाड १८८५ ची ठरत नाही. उलट चिठ्ठीत माती उपसायची आणि फळ्या "दोन नव्या" घालायची गोष्ट आहे, म्हणजे त्या वर्षी रहाड नवी खणली नव्हती, जुनीच उघडली. ती किती जुनी ते ही चिठ्ठी सांगत नाही. आणि तसं पाहिलं तर पाच वेगवेगळ्या धंद्यांची घरं मिळून फुलं, लाकूड, मजुरी वाटून घेतायत हा तपशील मला पेशवेकालीन या शिक्क्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण हे कोणी बखरीत लिहीत नाही.

एक निर्णय अजून सांगतो, त्यावर घरात आणि ग्रुपमध्ये मिळून तीन बैठका झाल्या. सावकारीचे कागद. गहाणखतांत कर्जदारांची पूर्ण नावं, गाव, जात, काय गहाण ठेवलं, कधी सोडवता आलं नाही, सगळं असतं. त्यांतल्या कितीतरी जणांची पणतवंडं आजही त्याच गल्ल्यांत, जवळच्या गावांत राहतात. इतिहास म्हणून हे कागद फार मोठे, दुष्काळात व्याज कसं चढलं, कोणाची जमीन कशी गेली, ते त्यातूनच कळणार. पण कोणाच्या पणजोबाची नामुष्की भिंतीवर लावायचा आम्हाला हक्क नाही. ठरलं असं की अभ्यासासाठी मागणाऱ्याला घरच्यांच्या परवानगीने समोर बसून वाचायला द्यायचे, उघड दाखवताना नावं झाकायची, आणि कोणी वंशज आला तर त्याच्या घराचा कागद त्याला आधी दाखवायचा. हे घराणं सावकाराचं, त्यांनाही यातलं काही वाचून त्रास झाला. धाकट्या काकांनी एक गहाणखत दोनदा वाचून घेतलं आणि मग म्हणाले, "लपवू नका, फक्त नाव झाका."

प्रदर्शन रंगपंचमीच्या आधीच्या शनिवार-रविवारी त्याच गल्लीत लावलं, समोरच्या घराच्या ओट्यावर, जिथे आम्ही क्रम मोडला होता तिथेच. मूळ कागद एकही आणला नाही, सगळे मोठे प्रिंट, देवनागरीत लिप्यंतर आणि खाली साध्या मराठीत अर्थ. एका फलकावर पुराचा डाग असलेला कागद, शेजारी आजींचं बोलणं जसंच्या तसं. एका फलकावर आमची चूक, पहिला मजकूर आणि दुरुस्ती शेजारी शेजारी. चिठ्ठीतल्या पाच घरांपैकी तीन घरं गल्लीत अजून आहेत, धंदे बदललेत, एक मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठीसमोर उभं राहून आपल्या आईला व्हिडीओ कॉल केला. आजींना खुर्चीत बसवून आणलं होतं, त्या कागदांपेक्षा वाड्याच्या जागेवर लावलेल्या पत्र्यांकडेच जास्त वेळ बघत होत्या.

सध्या कागद धाकट्या काकांकडे, जमिनीपासून वर, स्टीलच्या कपाटात, आम्ही दिलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत आहेत. सत्तावीसपैकी नऊ रुमालांचं वाचन झालंय. पेटीवरच्या लेबलात आता पहिली ओळ विषयाची नसते, जागेची असते: माडी, फडताळ, वरून दुसरा खण, जागा निश्चित. किंवा: जागा अनिश्चित, डाग नाही. अनिश्चितच जास्त आहेत.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी पाचातल्या ज्या घराचं आज गल्लीत कोणी नाही असं आम्हाला वाटत होतं, त्या घरचे एक गृहस्थ सिडकोहून आले. म्हणाले आमच्याकडे पण वडिलांची ट्रंक आहे, आत काय आहे आम्हाला वाचता येत नाही, रविवारी या. गेलो. ट्रंक पोटमाळ्यावर होती, ती खाली घेतली नाही. शिडीवर बॅटरी धरून आधी पोटमाळ्याचा फोटो, मग ट्रंकेचा बंद, मग झाकण उघडून वरून, मग एकेक थर उचलायच्या आधी एक. शेवटचा थर निघेस्तोवर एकशे चौदा फोटो झाले आणि त्या दिवशी आम्ही एकही ओळ वाचली नाही.